लाल थरावरचे खांब

९ जून

बारक्या,

तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. पत्ता बंदरावरच्या ऑफिसातून मिळवला. तिथल्या बाईंनी विचारलं, "आपण कोण त्यांच्या?" म्हटलं, बहीण. तर म्हणाल्या, "त्यांना बहीण आहे होय?" असो. रागवायला मला सध्या वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढं बळही नाही.

कामाचं आधी सांगते. आपल्या घरामागचा कडा हलतोय.

एप्रिलमध्ये वर फिरायला जाणाऱ्या एका गृहस्थांनी आमच्या भूगर्भ खात्यात कळवलं की माथ्यावर जमिनीला चीर पडलीय, चप्पल अडकते. मी गेले. चीर कड्याच्या धारेला धरून चाललीय, आपल्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवून आले. चीर रुंदावली तर काच तडकणार, एवढीच त्यातली युक्ती. पुढच्या खेपेला गेले तेव्हा एकही पट्टी धड नव्हती.

लहानपणी आपण त्या खांबांना पेन्सिली म्हणायचो, आठवतं? सहा कडांच्या, एकीला एक लागून उभ्या. तेव्हा वाटायचं कुणीतरी तासून ठेवल्यात. तो लाव्हा आहे. निवताना तो आक्रसला, आक्रसताना तडकला, आणि तडे वरून खाली, खालून वर असे सरकत गेले. त्या तड्यांनी वेगळे झालेले ते खांब. म्हणजे ते एकमेकांना चिकटलेले नाहीतच. दाटीवाटीनं उभे आहेत फक्त, गर्दीतली माणसं उभी असतात तसे. पुढच्याचा पाय घसरला की तो गेला, आणि मागच्याला टेकायला काही उरत नाही.

आणि पाय घसरतोय. खांबांच्या बुडाशी लाल मातीचा थर आहे. खालचा दगड जुन्या लाव्ह्याचा. तो लाखो वर्षं उघडा पडला, त्याची माती झाली. मग नवा लाव्हा वरून आला आणि ती माती भाजून निघाली, विटेसारखी. कोरडी असेल तर बोटानं भुगा होतो तिचा, आणि ओली झाली की नुसता साबण. खांबांमधल्या फटींतून पाणी थेट तिच्यावर उतरतं आणि तिथंच मुरत बसतं.

खोदायला सोपी, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घरानं स्वयंपाकघर मागे वाढवलंय ते याच थरात. पहिलं कुणी खोदलं ते तुला सांगायला नको. टोपल्या आपणच वाहिल्या.

बाबांना सांगून झालं. आमचं बोलणं जसंच्या तसं देते.

"बाबा, घर सोडावं लागेल."

"का?"

"कडा पडणार आहे."

"कधी?"

"ते नाही सांगता येत."

"मग सांगता येईल तेव्हा ये."

आणि पेपर वाचायला लागले. उलटा नव्हता, एवढंच.

बारक्या, त्यांना एक फोन कर. आई गेली त्या दिवशी तू उशिरा पोचलास आणि ते चारचौघांत म्हणाले, "पाहुण्यांना चहा द्या रे." मी तिथंच होते, ऐकलंय मी. त्यांचं चुकलंच. तू संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलास तेही मला समजतं. पण माझं ते ऐकत नाहीत. मी रोज दिसणारी आहे. रोज दिसणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? तुझं ऐकतील. निदान भांडतील तरी.

ताई


३० जून

बारक्या,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. पोस्टाला दोष देऊन मोकळी होते.

अहवाल गेला. आमच्या साहेबांनी मसुदा वाचून चष्मा काढला. म्हणाले, "बाई, 'कोसळेल' असं कशाला लिहिता? 'कोसळण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहा. उद्या नाही पडला तर तुमचीच पंचाईत." माणूस वाईट नाही, माझ्या भल्याचंच सांगत होता. मी 'कोसळेल' तसंच ठेवलं. मग त्यांनी सही केली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

गल्लीत नोटीस लागली. मी स्वतः घरोघर गेले, म्हटलं आपल्याच गल्लीत शिपाई कशाला पाठवायचा. चूकच झाली ती. शिपायासमोर माणसं गप्प बसतात, माझ्यासमोर त्यांना लहानपणापासूनचं सगळं आठवतं. टेलरकाकांनी टेप गळ्यातून काढला नाही की बसही म्हणाले नाहीत. शिलाई चालू ठेवून म्हणाले, "तुझे वडील निघाले का?"

"नाही."

"ते निघाले की आम्ही निघतो."

प्रत्येक दारात हेच. बाबांनी सुरुवातीला त्या उतारावर घर बांधलं तेव्हा तिथं काही नव्हतं. पाण्याची लाइन त्यांनी आणली, रस्त्याचे दिवे त्यांच्या अर्जांमुळे लागले. आता अख्खी गल्ली त्यांच्या दाराकडे बघून बसलीय. ते दार काही उघडत नाही.

टेलरकाकांचा मोठा मुलगा सगळ्यांत जास्त पेटलाय. त्यानं वर नुकताच मजला चढवलाय, बायको तान्हं मूल घेऊन माहेराहून आलीय. मला म्हणाला, "तू तिकडे सोसायटीत राहतेस. तुला काय जातंय बोलायला?" त्याचं म्हणणं खोटं आहे असं मला म्हणवेना.

शेवटी परवा बाबांना लाल थराचं सांगितलं. तोवर मी टाळत होते. आपल्या स्वयंपाकघरात, मागच्या त्या खोदलेल्या कपाटात हात घालून माती काढली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. ओली होती. म्हटलं, "ही दाबा." त्यांनी दाबली. बोटांच्या फटींतून लोण्यासारखी बाहेर आली.

"याच्यावर उभा आहे तो?"

"हो."

"आणि हे आम्ही काढत गेलो."

 त्यांनी हात धुतला, बराच वेळ धुतला. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. जेवायचा डबा दारातून आत घेतात आणि रिकामा दारातच ठेवतात. मला वाटतं, आता निघाले तर आपणच गल्लीच्या मुळावर आलो असं कबूल केल्यासारखं होईल, हे त्यांना खातंय. की नुसतेच रागावलेत? जन्मभर गाडी चालवली, इंजिनाचा आवाज ऐकून त्यांना बिघाड कळतो; पण त्यांचं तोंड बघून मनातलं मला कळत नाही.

इथं पावसानं उघडीप दिलेली नाही. रोज ऑफिस, मग वर चीर मोजणं, मग डबा, मग घर. पायातले बूट वाळतच नाहीत. घरी आले की जेवण गरम करायचाही कंटाळा येतो, उभ्यानंच खाते.

फोन कर. 'जेवलात का' एवढं विचारलंस तरी पुरे.

ताई


११ जुलै

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. 'ताई, माझं त्यांच्याशी बोलणं व्हायचं नाही. तू जप.' अक्षर अजून तसंच आहे, उतरणीला लागलेलं. फळीवर ठेवलंय. बाबांना दाखवलं नाही.

बाबा आता माझ्याकडे आहेत. गल्ली निम्म्याहून जास्त रिकामी झालीय, उरलेले सामान बांधतायत. कसं झालं ते सविस्तर नंतर कधीतरी. मध्ये मी ऑफिसच्या जिन्यावरून घसरले, कपाळाला टाके पडले. काही विशेष नाही. लिहायला वाकलं की ठणकतं, म्हणून आज एवढंच.

तू क्रेनवर एवढ्या उंच बसतोस, पट्टा बांधतोस ना?

ताई


२ ऑगस्ट

बारक्या,

टाके निघाले. जिन्याचं खोटं होतं.

मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला तू धावत यायला नको होतास. रागानं आला असतास आणि रागानंच परत गेला असतास. आता सगळं निवलंय, तर सांगते.

त्या दिवशी मी गल्लीत शेवटची मुदत सांगायला गेले होते. संध्याकाळ होती, उजेड होता. माणसं दारादारांत उभी होती. टेलरकाकांचा मोठा मध्येच उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "हिला कडा पडायलाच हवाय! पडला की हिचं नाव होईल!" कुणीतरी हसलं. मी म्हणाले, "नाव नको मला. तुझ्या बाळाला घेऊन आज बाहेर पड." बाळाचं नाव काढलं तेच त्याला लागलं. त्यानं खाली वाकून उचललं काय आणि मारलं काय, मला कळलंही नाही. आधी काही दुखलं नाही, नुसतं ऊन ऊन वाटलं.

दगड आपल्याच कड्याचा होता, काळा, भोकाभोकांचा. अशा वेळीही मी हेच बघावं! गरम लाव्ह्यातून वायू निघतो, त्याचे बुडबुडे अडकून राहतात, तशी ती भोकं. खाली बसले आणि तो दगडच बघत राहिले.

तेवढ्यात आपलं दार उघडलं.

बाबा बनियनवर बाहेर आले. मला वाटलं आता ओरडतात. ड्रायव्हर माणूस, त्यांचा आवाज तुला माहितीय. पण ते सावकाश चालत आले, खांद्यावरचा टॉवेल माझ्या कपाळावर धरला आणि माझा हात त्यावर ठेवला. "दाबून धर." मग त्या मुलाकडे वळले. तो पांढराफटक पडला होता, हात तसाच अर्धा वर. बाबा त्याला काहीच बोलले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी मुलगी म्हणतेय पडणार, म्हणजे पडणार."



"मागे खोदायला सुरुवात मी केली," बाबा म्हणाले. "माझं बघून तुम्ही खोदलंत. काही होत नाही, खोदा, असं मीच एकेकाला सांगितलं. तो कडा आपण पायातून पोकळ केलाय. तेव्हा माझं ऐकलंत ना? आता मी सांगतो, निघा."

टेलरकाका म्हणाले, "दादा, आणि जायचं कुठं?"

"ते मला माहीत नाही. पण इथं नाही."

आत गेले, शर्ट घातला, एक पिशवी घेतली आणि बाहेर आले. मी म्हटलं, "बाबा, कुलूप?" तर म्हणाले, "कुलूप कशाला? कोण येणार आहे मरायला?" मग माझ्या कोपराला धरून चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही त्यांनी. मीच बघितलं. टेलरकाकू दारात येऊन सुनेच्या हातातून बाळ घेत होत्या.

दवाखान्यात टाके घालताना बाबा बाहेर बाकावर बसले होते. निघालो तेव्हा रस्त्यात हळूच मला विचारलं, "तुझा हिशोब बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग ठीक."

म्हणजे बघ, एवढ्या लोकांसमोर 'पडणार म्हणजे पडणार' म्हणून आले, तेव्हा त्यांना स्वतःला खात्री नव्हती. मला हसावं की रडावं कळेना. कपाळ दुखत होतं म्हणून दोन्ही राहिलं.

आता तीन आठवडे होऊन गेले आणि कडा उभा आहे. चांगला ठणठणीत दिसतो, लांबून तर फारच. गल्लीतले लोक शाळेच्या वर्गांत राहतायत, काही नातेवाइकांकडे. टेलरकाकांनी मशीन फळ्याखाली मांडलंय. मी रोज तिथं जाते, कुणाला काय हवं नको बघायला. रोज कुणीतरी विचारतं, "काय बाई, पडला का?" परवा बसमध्ये कंडक्टरनं विचारलं. साहेब विचारत नाहीत, नुसतं बघतात.

तुला म्हणून सांगते. सकाळी डोळा उघडला की मी कानोसा घेते. कडा पडल्याचा आवाज यावा म्हणून. आपण जन्मलो ते घर चिरडलं जावं म्हणून वाट बघणारी बाई झालेय मी. मग उठते, बाबांना चहा देते. ते खिडकीशी बसलेले असतात. इथं त्यांना करायला काही नाही. बाल्कनीतून रिक्षावाल्यांना गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवतात.

काल रात्री निजताना त्यांनी विचारलं, "तिकडे पाऊस आहे का?"

"तिकडे कुठे?"

"तिकडे, समुद्राकडे."

मी म्हटलं, असेल. त्यावर "हूं" म्हणाले आणि कूस बदलली.

ताई


२७ ऑगस्ट

बारक्या,

पडला.

गुरुवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. मी डबा उघडला होता. आधी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं, मग आवाज आला. स्फोटासारखा नव्हता. खडीचा ट्रक ओतावा तसा, पण तो ओततच राहिला, थांबेना. सगळे खिडक्यांशी धावले. मी डब्याचं झाकण लावलं. का लावलं कोण जाणे.

एकही माणूस गेला नाही. हे वाक्य मी त्या दिवसापासून एवढ्या लोकांना सांगितलंय की आता त्याचा अर्थ लागत नाही.

मी पोचले तर बाबा माझ्या आधी तिथं हजर. रिक्षा करून आले होते. पोलिसांनी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे होते. गल्ली अशी नव्हतीच. खांब आडवे पडले होते, काही अख्खेच्या अख्खे, एकावर एक, वखारीत लाकडं रचतात तसे. टेलरकाकांचा नवा मजला कुठं होता ते सांगता येत नव्हतं. आपल्या घराची रस्त्याकडची भिंत तेवढी उभी आहे, खिडकीसकट. खिडकीतून पलीकडचा ढिगारा दिसतो.

टेलरकाकू तिथं होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "तू बोललीस म्हणून पडला." शिवी दिल्यासारखं नाही, अगदी साधं, पाऊस आला म्हणावं तसं. मी 'हो काकू' म्हणाले. काय म्हणणार? त्यांचं घर गेलं होतं. नातू कडेवर होता, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या.

त्यांचा मोठा मुलगा दोरीपाशी आला. त्या दिवसानंतर प्रथमच समोरासमोर. माझ्या कपाळाकडे त्यानं बघितलं आणि लगेच खाली बघितलं. म्हणाला, "वडिलांचं मशीन शाळेत आहे, पण आईचं कपाट आत राहिलंय. त्या बाजूनं जाता येईल? पाचच मिनिटं."

मी वर बघितलं. माथ्याशी काही खांब अजून अधांतरी होते, बुडाशी माती नसलेले. म्हटलं, "नको. ते अजून यायचेत."

 मला वाटलं आता वाद घालेल. "बरं," म्हणाला आणि मागे गेला. बाकीचे पुढे सरकत होते त्यांना हातानं मागे सारायला लागला. "ऐका जरा, बाई नको म्हणतायत." उरलेले खांब तासाभरानं आले. कपाटाची जागा त्यांच्याच खाली.

गर्दी पांगल्यावर मी आणि बाबा फुटपाथच्या कडेला बसलो. समोर कड्याची नवी बाजू उघडी पडली होती. आपण बघत मोठे झालो तो कडा करडा, शेवाळलेला. हा निळसर काळा, धुतल्यासारखा. जिथं तो तुटला तिथं खालच्या लाल थराची रेघ सरळ आडवी गेलेली, ओली, चकचकीत. निवल्यापासून त्या दगडानं उजेड बघितला नव्हता. इतकी वर्षं या नोकरीत आहे, एरवी मी नाचले असते.

बाबा खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "आतून असा असतो होय?"

"हो."

"हे झालं कसं? म्हणजे मुळातून सांग. आधी काय होतं?"

बारक्या, मी या खात्यात लागले तेव्हा ते म्हणाले होते, दगड फोडायला कॉलेज कशाला लागतं. त्यानंतर आजवर त्यांनी मला माझ्या कामाचं एका शब्दानं विचारलेलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि बोलताच येईना. रडू फुटलं. कडा पडला म्हणून नाही, घर गेलं म्हणूनही नाही. नुसती दमले होते.

बाबा म्हणाले, "अगं, सांग की. गप्प का झालीस?"

मग सांगितलं. जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा कसा पसरला, मग सगळं शांत झालं, माती झाली, तिच्यावर झाडं आली असतील, ती जळाली, परत लाव्हा आला. ते मान हलवत होते. मध्येच विचारलं, "आणि मी खोदलं नसतं तर?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "पाणी तर येतच होतं, बाबा. कधीतरी पडलाच असता. पण आणखी पुष्कळ वर्षांनी."

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठायला आधार म्हणून की माझ्यासाठी, कळलं नाही. उठले मात्र नाहीत.

तेव्हापासून ते शाळेत जाऊन बसतात. नव्या जागेच्या अर्जांचं बघतात, टेलरकाकांच्या मुलाला बरोबर घेऊन कचेऱ्यांमध्ये जातात. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, पण जातात बरोबर. काल मी वर्गाच्या दारात उभी राहून ऐकलं, तर बाबा बायकांना लाव्हा समजावून सांगत होते. निम्मं चुकीचं सांगत होते. मी दुरुस्त केलं नाही.

म्हणजे बघ, बाबांचं बरं चाललंय. जूनपासून मी तुला बाबांसाठी फोन कर, बाबांशी बोल म्हणून लिहितेय. ते आता राहू दे. तुम्हा दोघांचं जुळायचं तेव्हा जुळेल, नाही जुळलं तर नाही. त्यांच्यासाठी येऊ नकोस.

माझ्यासाठी ये. मला रजा मिळालीय आणि काय करायचं तेच सुचत नाही. या घरात कुणीतरी असं हवंय ज्याला मी काही समजावून सांगायचं नाही, ज्याला कुठून बाहेर काढायचं नाही. चार दिवस ये. स्वयंपाक तू कर. स्टेशनवर घ्यायला मी येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते, मी झोपलेली असेन. बेल वाजव, बाबा दार उघडतील.

ताई